दाखल क्रमांक तीन

त्या पत्राला मच्छिंद्ररावांनी उत्तर दिलं नव्हतं, आणि दिलं नाही हे तीस वर्षांत कुणाला सांगितलंही नव्हतं. पत्र मात्र जपलं होतं. ग्रंथवर्गीकरणाच्या एका जाड पुस्तकात, कुणी कधी उघडणार नाही अशा परिशिष्टात ते घडी घालून ठेवलेलं होतं. तशी ठेवायचीही गरज नव्हती. ते त्यांना तोंडपाठ होतं.

'सुरपेटी कॅसेट्स, मंडईजवळ, पुणे २. दि. ११ फेब्रुवारी १९९३. श्री. ओव्हाळ यांस, स.न.वि.वि. आपले पत्र पावले. आमच्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूवरील नऊही गाणी सौ. शर्मिला खळदकर यांनी आमच्या स्टुडिओत गायलेली आहेत. आपल्या भगिनींचा आवाज त्यांच्यासारखा असल्यास भगिनींनी त्याचा अभिमान बाळगावा. तरीही आग्रह असेल तर पुरावा पाठवावा, आम्ही माफी मागू. आपण ग्रंथालयात नोकरीस आहात असे कळते. पुस्तकांच्या सहवासात माणसे शहाणी होतात असा आमचा समज होता. कळावे. अनिरुद्ध खळदकर.'

शेवटून दुसरं वाक्य वाचताना त्यांच्या कानाच्या पाळ्या आजही तापत. वय पंचाहत्तरीला टेकलं होतं, धायरीच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकटे राहत होते, बीपीची गोळी चालू होती. पण ते वाक्य काही निवृत्त झालं नव्हतं.

घडलं होतं ते असं. मच्छिंद्रराव एका कॉलेजच्या ग्रंथालयात सहायक होते. तिथे भाषा विभागाची व्याख्यानं टिपून ठेवायला एक स्पूलचं यंत्र होतं, मोठ्या चकत्यांवर फीत फिरणारं. १९८४ सालच्या एका रविवारी त्यांनी ग्रंथपालांची परवानगी काढून धाकट्या बहिणीला, चंपाला, तिथे नेलं आणि आईच्या ओव्या तिच्याकडून म्हणवून घेतल्या. आई, बायडाबाई, तोवर गेली होती. जात्यावरच्या, अंगणातल्या, बाबासाहेबांच्या, लेकीच्या शाळेच्या अशा बारा ओव्या. चंपा महापालिकेच्या दवाखान्यात परिचारिका होती. गाणं शिकलेली नव्हती. आवाज मात्र असा की पेशंट सुई टोचल्याचं विसरत.

मच्छिंद्ररावांची एक खोड होती. ग्रंथालयात आलेली कुठलीही वस्तू दाखल क्रमांकाशिवाय कपाटात जात नाही, हे त्यांच्या हाडात मुरलं होतं. म्हणून प्रत्येक ओवीआधी ते स्वतः माइकपाशी तोंड नेऊन बोलले : "दाखल क्रमांक एक. ओवी. गायिका चंपा कचरू ओव्हाळ." मग हात वर करायचा, चंपाने मनात पाच आकडे मोजायचे आणि गायला लागायचं.

चंपा हसून हसून बेजार झाली होती. "दादा, अरे कोर्टात पुकारा करतात तसं काय करतोस? आणि लग्न होऊन आठ वर्षं झाली माझं. माहेरचंच नाव?"

"ओव्या आईच्या आहेत ना. मग नाव आपल्याच घरचं."

"बरं. पण घाबरतोस कशाला? माइक काय चावतो का?"

स्पूल घरी आला. तेव्हा ते वस्तीत पत्र्याखाली राहत. पत्र्याच्या ट्रंकेत, पत्र्याच्या छताखाली ती फीत चार उन्हाळे भाजून निघाली. १९८८ मध्ये कॉलेजने यंत्र भंगारात काढलं, तेव्हा स्पूल ऐकायची सोय राहिली नाही. मंडईजवळ अनिरुद्ध खळदकरांचं दुकान होतं. तिथे स्पूलवरून कॅसेट करून मिळे. मच्छिंद्रराव स्पूल देऊन आले. पंधरा दिवसांनी खळदकर म्हणाले, "उन्हाने खराब झालाय हो. यंत्रावर चढवला तर तुटला तीन ठिकाणी. टाकून दिला. ग्रंथालयातले ना तुम्ही? अशा वस्तू थंडाव्याला ठेवतात, माहीत नाही?"

मच्छिंद्रराव शरमेने मान खाली घालून परत आले. चूक आपलीच, हे त्यांना नेहमीच लवकर पटे.

चार वर्षांनी चंपा मंडईत भाजी घ्यायला गेली असताना कॅसेटच्या टपरीवरून तिला तिचाच आवाज ऐकू आला.

ती मेथीची जुडी हातात धरून तशीच उभी राहिली. मग टपरीवर जाऊन ती कॅसेट घेऊन आली. वेष्टनावर नथ घातलेल्या एका बाईचं चित्र, खाली 'स्वर : शर्मिला खळदकर. गीते : पारंपरिक'. पहिल्या बाजूला त्या बाईंनीच गायलेली भक्तिगीतं होती, आणि दुसऱ्या बाजूला चंपाच्या नऊ ओव्या. बारापैकी ज्या तिनांत बाबासाहेबांचं नाव होतं, त्या गाळलेल्या. मच्छिंद्ररावांचे पुकारेही गेलेले. ब्लेडने फीत कापून जोडायची कला खळदकरांना अवगत होती.

"दादा, तू लिही त्यांना," चंपा म्हणाली. "तुला लिहिता येतं."

त्यांनी लिहिलं. वर दिलेलं उत्तर आलं. ते त्यांनी चंपाला दाखवलं नाही. 'पुरावा पाठवावा' याला उत्तर काय देणार? पुरावा होता तो एकच स्पूल, आणि तो ज्याने चोरला त्याच्याच घरी. वकिलाकडे जायचं, तर वकील विचारेल तेच खळदकरांनी विचारलेलं होतं. आपण फीत भाजली, आपण ती परक्याच्या हाती दिली, आता आपणच काय तोंडाने भांडायचं? त्यांनी तीन मसुदे केले आणि तिन्ही फाडले.

"उत्तर आलं का रे?" चंपा विचारी.

"नाही अजून."

"तू परत लिहिलंस ना?"

"लिहिलं."

हे ती अकरा वर्षं विचारत राहिली, आधी दर महिन्याला, मग सणावारी, शेवटी दवाखान्यातल्या खाटेवरून. २००४ मध्ये ती गेली. तिच्या हिशेबी दादाने लिहिलं होतं आणि जगाने उत्तर दिलं नव्हतं.

चंपाची मुलगी आम्रपाली कोथरूडला राहायची आणि खराडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. २०२२ च्या जुलैमध्ये एका शनिवारी ती मामाकडे आली ती चप्पल न काढताच आत शिरली.

"मामा, हे ऐका."

तिच्या फोनवर कुणीतरी मुलगी कंदील घेऊन नाचत होती, आणि मागून चंपा गात होती :

दारातल्या कंदिला, वात तुझी चढव,
धूळपाटीच्या अक्षरात लेक माझी घडव.

"अशा हजारो रील्स आहेत," आम्रपाली म्हणाली. "व्हायरल झालंय. आणि सगळीकडे नाव कुणाचं? शर्मिला खळदकर. त्यांचा मुलगा विक्रम, त्याने जुना सगळा माल स्ट्रीमिंगवर टाकलाय. माझ्या आईच्या आवाजावर लोक त्या बाईंना 'लेजंड' म्हणतायत." ती खाली बसली. "तुम्ही तेव्हा पत्र लिहिलं होतं ना त्यांना? पुढे काय झालं?"

"काही नाही झालं," मच्छिंद्रराव म्हणाले. ते खरंही होतं.

ती गेली. राग त्यांना नवा नव्हता, पण आजवर त्यांचा राग स्वतःवरच उलटत असे. या वेळी तो उलटला नाही. खळदकर जिवंत आहेत, ब्याऐंशी वर्षांचे आहेत, हे त्यांना आम्रपालीकडून कळलं होतं. आणि हा माणूस आपण काही करायच्या आत सुखाने मरेल, या भीतीने त्यांना एक भलतीच घाई सुटली.

रागाला पुस्तकाची सोबत लागते, निदान त्यांच्या रागाला. त्यांनी एक कोरी वही आणली आणि आम्रपालीला म्हणाले, "मला हे सगळं समजावून सांग. गाणं फोनमध्ये येतं कसं?"

"मामा, ते समजून काय करणार?"

"माल कुठल्या रस्त्याने गेला ते कळल्याशिवाय चोर सापडत नाही."

मग दर शनिवारी शिकवणी सुरू झाली. आवाज म्हणजे हवेतली लाट. यंत्र ती लाट सेकंदाला चव्वेचाळीस हजार शंभर वेळा मोजतं आणि दर वेळी तिची उंची आकड्यात लिहून ठेवतं.

"म्हणजे सेकंदाला चव्वेचाळीस हजार शंभर कार्डं," मच्छिंद्रराव म्हणाले. "आणि प्रत्येकावर एकच आकडा."

"करेक्ट. आणि तो आकडा पासष्ट हजार पाचशे छत्तीस पायऱ्यांपैकी एक."

"मोठं कपाट आहे. मग एवढी कार्डं फोनवर पाठवतात कशी?"

"नाही पाठवत. एमपीथ्री करताना बरंच टाकून देतात. मोठ्या आवाजाच्या आडोशाला असलेले बारीक आवाज कानाला कळत नाहीत, ते पहिले जातात."

"कानाला कळत नाहीत हे कुणी ठरवलं?"

"इंजिनिअर्सनी. लोकांच्या टेस्ट घेऊन."

"आमच्याकडेही होती अशी समिती, पुस्तकं बाद करणारी. कुणी वाचत नाही म्हणून त्यांनी काय काय रद्दीत घातलं, मला विचार."

स्ट्रीमिंग त्यांना सोपं वाटलं. गाणं फोनवर राहायला येत नाही. त्याचे तुकडे एकामागून एक येतात, पुढचे चार-सहा हाताशी ठेवले जातात, वाजले की गेले. पुस्तक घरी न देता वाचनकक्षात एकेक पान आणून दाखवावं तसं. त्यांनी वहीत तसंच लिहिलं आणि खाली रेघ मारली.

सप्टेंबरमध्ये विक्रम खळदकरने नवी जाहिरात केली. ओव्या आता 'लॉसलेस'मध्ये, म्हणजे काहीही न गाळता. मजकूर मोठा टेचात होता : 'आमच्या संग्रहातील मूळ स्पूलवरून. कुठलाही फिल्टर नाही. शांतताही जशीच्या तशी.'

"मूळ स्पूल," मच्छिंद्रराव म्हणाले. "तीन ठिकाणी तुटलेला, टाकून दिलेला."

आम्रपालीने तिचे मोठे हेडफोन आणून त्यांच्या डोक्यावर चढवले आणि एकेक गाणं लावलं. तिसऱ्या ओवीआधी, आवाज अजून सुरू झालेला नसताना, त्यांना कुणीतरी भिंतीपलीकडून पुटपुटल्यासारखं वाटलं. त्यांनी परत लावायला सांगितलं. परत तेच.  कान म्हाताऱ्याचे, त्यात हवं ते ऐकू येण्याचं वय. भास व्हायला एवढं पुरे होतं. सात वेळा ऐकून झाल्यावर ते अपराध्यासारखे म्हणाले, "आमू, ही सुरुवातीची चार-पाच सेकंदं मोठी करता येतात का गं?"

तिने लॅपटॉप उघडला. पडद्यावर गाण्याच्या आधी सरळ रेघ होती. ती ताणली तशी रेघेवर बारीक केसासारखी लव दिसायला लागली. तिने आवाज तीस पट वाढवला आणि स्पीकर लावले. पाऊस पत्र्यावर पडावा तशी खरखर, आणि त्या खरखरीच्या पोटातून कुणीतरी बोललं.

आम्रपालीने मामाकडे पाहिलं. मामा खुर्चीच्या हातांना धरून बसले होते.

"मी काही सांगत नाही," ते म्हणाले. "मला तेच ऐकू येणार. तूही घरातली. जिला यातलं काही माहीत नाही अशा कुणाला तरी ऐकव."

आम्रपालीच्या ऑफिसात तनुजा म्हणून एक मुलगी होती, नागपूरकडची. आम्रपालीने तिला तो तुकडा ऐकवला आणि ऐकू येईल ते कागदावर लिहायला सांगितलं. तनुजाने लिहिलं : 'एक माणूस अनाउन्समेंट करतोय. क्रमांक तीन. काहीतरी. गायिका चंपा कचरू, पुढे ओव्हाळ की ओहाळ. (घाबरलाय बिचारा.)'

कंसातलं वाचून मच्छिंद्ररावांची खात्री पटली.

हे कसं झालं, ते मग त्यांनी ध्वनिमुद्रणाच्या एका जुन्या पुस्तकातून शोधून काढलं. फितीवर आवाज म्हणजे चुंबकाची खूण. स्पूलवर फीत वेढ्यावर वेढा गुंडाळलेली राहते, आणि एका वेढ्यावरची खूण शेजारच्या वेढ्यावर फिकट उमटते, ओल्या शाईचं पान मिटलं की समोरच्या पानावर उमटावी तशी. त्यांच्या यंत्राच्या वेगाला एक वेढा साधारण पाच सेकंदांचा. चंपा पाच आकडे मोजत गप्प उभी असायची, त्याच शांततेवर त्यांचा पुकारा हलकेच उमटून बसला होता. खळदकरांनी पुकारा कापला. शांतता कोण कापतो? कॅसेटच्या खरखरीत ती सावली बुडून गेली, एमपीथ्रीने ती कानाबाहेरची म्हणून टाकून दिली. विक्रमने लॉसलेसच्या हौसेपायी ती जगभर वाटली.

आणि पुस्तकात पुढे लिहिलं होतं : फीत जितकी वर्षं गुंडाळून पडेल आणि जितक्या उष्णतेत राहील, तितका हा छाप गडद होतो.

मच्छिंद्ररावांनी चष्मा काढून पुसला. कोर्टातल्यासारखा पुकारा ही एक चूक आणि पत्र्याची ट्रंक ही दुसरी. जन्मभर ज्या दोन चुकांसाठी स्वतःला बोल लावला, त्यांनीच खळदकरांच्या गळ्याला दोरी लावून ठेवली होती. त्या दिवशी त्यांनी शेजारच्या हॉटेलातून स्वतःसाठी जिलबी आणली, आणि एकट्याने खाल्ली.

"आता लगेच कंपनीला कळवूया," आम्रपाली म्हणाली.

"थांब. ते म्हणतील, स्पूल ओव्हाळांकडून विकत घेतला होता, नाव छापायचं राहून गेलं. आधी त्यांच्या तोंडून निघालं पाहिजे की हे त्यांचं आहे."

संधी नोव्हेंबरात आली. कोथरूडच्या एका सभागृहात खळदकर दांपत्याचा सत्कार होता. मच्छिंद्रराव शेवटून तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसले. मंचावर अनिरुद्ध खळदकर रेशमी जाकीट घालून ताठ बसले होते. शर्मिलाबाई शेजारी, मांडीवरच्या पुष्पगुच्छाचा प्लॅस्टिकचा कागद बोटांनी सारखा करीत होत्या. भाषणं झाली. श्रोत्यांनी चिठ्ठ्या पाठवाव्यात, असं निवेदक म्हणाले. मच्छिंद्ररावांना उभं राहून चार माणसांत बोलणं कधी जमलं नव्हतं, पण चिठ्ठी हे त्यांचं हत्यार होतं. त्यांनी ती घरूनच लिहून आणली होती.

पहिली चिठ्ठी कुणा दुसऱ्याची होती : बाईंनी कंदिलाची ओवी दोन ओळी म्हणून दाखवावी.

"घसा बसलाय," शर्मिलाबाई म्हणाल्या.

"तिने गाणं केव्हाच सोडलं," खळदकर माइक ओढून घेत म्हणाले. "संसार, दुसरं काय."

निवेदकांनी पुढची चिठ्ठी उघडली. "ही ध्वनिमुद्रणं नेमकी कुठे, कुणी, कोणत्या साली केली? मूळ फितीत काही काटछाट झाली आहे का? विचारणाऱ्यांनी नाव लिहिलेलं नाही. पुण्याचेच असावेत, उत्तर बरोबर आलं की मगच ओळख देतील." लोक हसले.

"मी स्वतः केली," खळदकर म्हणाले. "माझ्या स्टुडिओत, एक्क्याण्णव साली. हिने एका दमात नऊ ओव्या म्हटल्या. एक सेकंद कापलेला नाही, एक सेकंद चिकटवलेला नाही. आणि ज्यांना शंका असेल त्यांनी दुकानावर यावं. मंडईजवळचं ते दुकान मी बंद केलेलं नाही. रोज अकरा ते एक मी तिथे बसतो, जुना डेक लावतो, टपाल माझ्या हाताने फोडतो. असं आहे, ज्याचं असतं तो लपत नाही."

टाळ्या पडल्या. मच्छिंद्ररावांच्या खिशात दुसरी चिठ्ठी होती : 'तिसऱ्या गाण्याआधीची शांतता मोठ्याने वाजवून दाखवावी.' ती बाहेर काढायला त्यांनी खिशात हात घातला. तळहाताच्या घामाने चिठ्ठीची शाई फुटली. ते उठले आणि बाहेर पडले. बसमध्ये बसल्यावर त्यांना वाटलं, पुन्हा तेच. माणूस आहे की चिंचोका? पण सिंहगड रस्त्याला बस वळेपर्यंत त्यांचं मन स्वतःला शिव्या घालायचं थांबलं होतं. सभागृह हे खळदकरांचं अंगण. आपलं अंगण कागद.

विक्रमने कार्यक्रमाची चित्रफीत दुसऱ्याच दिवशी इंटरनेटवर चढवली. आम्रपालीने ती उतरवून घेतली, तिच्यासोबत तिसऱ्या ओवीचा तुकडा, तनुजाची चिठ्ठी, मच्छिंद्ररावांचं ओळखपत्र आणि ग्रंथालयाच्या १९८४ सालच्या वापर-नोंदवहीतलं, त्या रविवारी यंत्र वापरल्याची नोंद असलेलं पान जोडलं, आणि गाणी ऐकवणाऱ्या कंपनीला तक्रार धाडली. नऊपैकी पाच ओव्यांआधी तो पुकारा निघाला. महिन्याभरात नऊही ओव्या तात्पुरत्या थांबवल्या गेल्या.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात विक्रम स्वतः धायरीला आला. पन्नाशीचा माणूस, हातात पेढ्यांचा पुडा.

"काका, मी ऐकलं ते," तो बसल्या बसल्या म्हणाला. "मग आईला विचारलं. आई म्हणाली, हो. इतकी वर्षं ती आमच्या घरात ती कॅसेट लावू देत नव्हती. मला वाटायचं, स्वतःचा आवाज ऐकायला लाजते."

आम्रपाली म्हणाली, "लाजत होत्याच की."

विक्रमने ते गिळलं. "मी कंपनीला लिहून दिलंय. सगळीकडे नाव बदललं जाईल. चंपा कचरू ओव्हाळ. पाहिजे तर बघा, आज सकाळपासून गाणी परत चालू झालीत." त्याने फोन पुढे केला. गाण्याच्या चौकोनी चित्राखाली ते नाव होतं. आम्रपालीने फोन हातात घेतला आणि बराच वेळ परत दिला नाही.

"माझं एकच मागणं आहे," विक्रम म्हणाला. "बाबांना यातलं काही माहीत नाही. दिवाळीनंतर त्यांची अँजिओप्लास्टी झाली. ते फोन वापरत नाहीत, दुकानात बसून जुन्या कॅसेटी ऐकतात. नाव बदललंय हे त्यांना कळणारही नाही. तसंच राहू दे, काका. त्यांचे किती दिवस राहिलेत?"

मच्छिंद्ररावांनी पेढ्यांच्या पुड्याकडे पाहिलं. "चहा घ्या," ते म्हणाले. याहून जास्त ते काही बोलले नाहीत, आणि विक्रमने त्याचा अर्थ होकार असा केला. आजवर त्यांच्या गप्प बसण्याचा फायदा समोरच्याच माणसाला होत आला होता. या वेळी पहिल्यांदाच तो त्यांना स्वतःला झाला.

तो गेल्यावर आम्रपाली म्हणाली, "संपलं, मामा. नाव आलं आईचं."

"त्यांना कळणारही नाही," मच्छिंद्रराव म्हणाले. "ऐकलंस ना? त्यांना कळणारही नाही."

"न का कळेना. म्हातारा माणूस आहे."

"मीही आहे."

ते उठले, वर्गीकरणाचं पुस्तक काढलं आणि परिशिष्टातून घडी काढून तिच्या हातात दिली. तिने वाचलं. 

"आणि तुम्ही काय उत्तर दिलं?"

"दिलं नाही. पुरावा नव्हता. हे पत्र आल्याचंही मी चंपाला सांगितलं नाही. परत लिहिलं असं खोटं सांगत राहिलो."

खाली कुणीतरी स्कूटरला किका मारत होतं. आम्रपालीने पत्राची घडी परत घातली.

"आई दवाखान्यात विचारत होती," आम्रपाली म्हणाली. "मी होते तिथे."

"हो."

"मग पाठवा," ती म्हणाली. "आणि तुम्ही आईशी जे केलंत त्याचं काय करायचं, ते मी नंतर बघते." तिने पर्स उचलली. पेढे नेले नाहीत.

पुढचे दोन दिवस मच्छिंद्रराव कामात होते. माळ्यावरचा टेपरेकॉर्डर त्यांनी दुरुस्त करून आणला आणि एक कोरी कॅसेट मिळवली. आम्रपालीने पाठवलेला तुकडा कॉम्प्युटरवरून वायर लावून ते तिच्यावर उतरवणार होते, पण आधी त्यांनी माइक जवळ ओढला. "दाखल क्रमांक तीन. ओवी. गायिका चंपा कचरू ओव्हाळ." आवाज जरा कातरला, पण घाबरला नाही. मग त्यांनी पाच आकडे मोजले. त्यापुढे तीस पट मोठी केलेली ती जुनी शांतता लागोपाठ नऊ वेळा घातली, आणि शेवटी चंपाची ओवी. कॅसेटच्या पट्टीवर त्यांनी कार्डावर लिहीत तशा उभ्या, स्वच्छ अक्षरात क्रमांक घातला.

मसुदा या वेळी एकच झाला.

'श्री. अनिरुद्ध खळदकर यांस, स.न.वि.वि. आपले ११ फेब्रुवारी १९९३ चे पत्र पावले होते. आपण पुरावा मागितला होता. तो आपल्याच स्पूलवर होता, आणि आपल्याच चिरंजीवांनी तो प्रसिद्ध केला, त्याबद्दल त्यांचे आभार. सोबतची कॅसेट आपल्या डेकवर ऐकावी. आवाज वाढवण्याची तसदी नको, वाढवलेलाच आहे. आपण कापलेला माणूस त्यात बोलतो. नऊही ओव्यांवर आता माझ्या बहिणीचे नाव आहे. ही गोष्ट आपल्यापासून लपवावी अशी आपल्या घरच्यांची इच्छा होती, परंतु ज्याचे असते तो लपत नाही असे आपणच म्हणाला आहात. आपण माफीचे कबूल केले होते. ज्यांची मागायची त्या २००४ मध्ये वारल्या, तेव्हा तो प्रश्न उरलेला नाही. आपल्याला ते फक्त माहीत असावे. पुस्तकांच्या सहवासात माणसे शहाणी होतात की नाही ते सांगता येत नाही. वेळ लागतो एवढे खरे. कळावे. मच्छिंद्र कचरू ओव्हाळ.'

खाली तारीख घालताना पेन क्षणभर थांबलं. तो माणूस दुकानात एकटाच असेल, डेकवर कॅसेट चढवील, आणि छातीत बसवलेली ती जाळी... त्यांनी तो विचार शेवटपर्यंत होऊ दिला. मग तारीख घातली. पाकिटावर घरचा पत्ता न घालता मंडईजवळच्या दुकानाचा घातला, तीस वर्षांपूर्वीच्या पत्राच्या माथ्यावर छापलेला, जसाच्या तसा.

पोस्टात खिडकीवरच्या बाईंनी पाकीट वजनावर ठेवून दाबून पाहिलं. "आजोबा, आत काय आहे?"

"कॅसेट."

"अजून कोण ऐकतं हो कॅसेट?"

"एक जण आहेत. रोज अकरा ते एक."

"रजिस्टर करायचं? पोचपावती हवी?"

"हवी. त्यांच्या सहीची."

बाईंनी पोचपावतीचं कार्ड पुढे सरकवलं. पाठवणाऱ्याच्या जागी मच्छिंद्ररावांनी स्वतःचं नाव लिहिलं, आणि थोडं थांबून त्याच्याआधी चंपाचं. बाईंनी शिक्का मारला, पाकीट मागच्या पोत्यात टाकलं, आणि पुढच्या माणसाला हात केला.